एक इयत्ता पुढे : बोथ ते मारलवाई

हैदराबादहून नागपूरच्या रस्त्याने निघालं की निर्मलच्या पुढे महबूब घाट लागतो आणि घाट चढल्यावर हवा बदलते. दोन्ही बाजूंना साग, मध्येच काळ्या मातीची कापसाची वावरं. नेरडीगोंडा मागे पडलं की डावीकडे बोथचा फाटा येतो. आपल्यापैकी पुष्कळांनी हा फाटा पोचेराच्या धबधब्याला जाताना पाहिलेला आहे. धबधब्यावर फोटो काढायचे, डबे उघडायचे आणि परत हायवेला लागायचं, अशी ती सहल असते. बोथ गावापर्यंत सहसा कोणी जात नाही.

गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत मी तिथे चार दिवस राहिले. बाजारातल्या पाट्या तेलुगूत, पण कानावर पडणारी भाषा दर दहा पावलांवर बदलते. किराणा दुकानात तेलुगू, भाजीवालीशी मराठी, टेलरकडे दखनी उर्दू आणि बसस्टँडवर खेड्यातून आलेल्या बायका आपसात गोंडी बोलत होत्या. एकच माणूस एका वाक्यात यातल्या दोन भाषा सहज वापरतो आणि त्याला त्यात काही विशेष वाटत नाही. आम्ही शहरातले मात्र 'तुमची नेमकी मातृभाषा कोणती?' असं विचारून त्यांना उगाच पेचात टाकतो.

हे असं का, याचं उत्तर 1956 सालात आहे. हैदराबाद राज्याचे तुकडे पडले तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्याला मिळाले. बोथ तालुक्याचा मात्र फक्त इस्लापूरचा भाग तिकडे गेला आणि उरलेला बोथ आंध्र प्रदेशात राहिला. म्हणजे आज सहस्रकुंडाचा धबधबा बघायला आपण ज्या इस्लापूरला महाराष्ट्रात म्हणून जातो, ते कधीकाळी बोथ तालुक्यातलं गाव. मी ज्यांच्याकडे उतरले होते ते माझ्या मैत्रिणीचे मामा. ते म्हणाले, "आमच्या बाच्या वेळी इस्लापूरला जायचं म्हणजे तालुक्यातल्या तालुक्यात जायचं. आता सोयरीक तिकडं, जमीन इकडं." एवढं बोलून ते सोयाबीनकडे वळले. ढगाळ वातावरण होतं आणि काढलेला माल उघड्यावर होता, त्यामुळे 1956 पेक्षा ती काळजी मोठी होती.

मी तिथे गेले त्याला कारण होतं. आपल्या मंडळाच्या युवा शाखेने यंदा 'सीमेवरच्या मुलांसाठी काहीतरी' करायचं ठरवलं होतं. वह्या, दप्तरं आणि जुनी मराठी पुस्तकं गोळा करून बोथ भागातल्या शाळांमध्ये वाटायची, असा बेत होता. गाडीभाड्याचा हिशेबही झाला होता. मैत्रीण म्हणाली, आधी जाऊन बघ तरी, मामा आहेतच. म्हणून मी एकटीच पुढे गेले.

पोचेरा पहिल्याच दिवशी पाहून घेतला, कारण मामींनी तो दाखवल्याशिवाय सोडलं नसतं. तो साधारण वीस मीटरचा आहे. शेजारच्या नेरडीगोंडा मंडलातला कुंतला त्याच्या दुपटीहून उंच. पण पोचेरा रुंद आणि दणदणीत आहे, पाऊस नुकताच संपलेला असला की आवाजापुढे बोलणं ऐकू येत नाही. खडक निसरडे आहेत, मुलांना घेऊन जाल तर पाण्यात उतरू देऊ नका.

खरं बघण्यासारखं होतं ते मामांच्या ओसरीवर. मामांची धाकटी मुलगी आदिलाबादला डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिथल्या होस्टेलवर राहते. सुट्टीत घरी आली की सकाळी नऊच्या सुमारास गल्लीतली आणि शेजारच्या वाडीतली सात-आठ मुलं ओसरीवर येऊन बसतात. आठवीपासून इंटरपर्यंतची. कुणी मराठी घरातलं, दोघी गोंड मुली, एक लंबाडा मुलगा. मला वाटलं शिकवणी असेल. फी किती, असं मी विचारलंही. ती हसली आणि म्हणाली, "फी कसली ताई, ही माझ्या मागच्या बाकावरची पोरं."

ती करते काय, ते सांगते. तेलंगणाच्या सरकारी शाळांमध्ये 2022-23 पासून इंग्रजी माध्यम आणलं गेलं आणि पाठ्यपुस्तकं दुभाषी झाली, एका पानावर इंग्रजी आणि समोरच्या पानावर तेलुगू. कल्पना अशी, की इंग्रजी अडलं तर मुलाने शेजारच्या पानावर आपल्या भाषेत बघावं. पण ज्याच्या घरी मराठी किंवा गोंडी आहे त्याला दोन्ही पानं परकी. तेलुगू तो बाजारात बोलतो, त्यावर त्याचं भागतंही, पण पुस्तकातली तेलुगू वेगळी. 2018 च्या कायद्याने तेलुगू शाळांमध्ये सक्तीची आहे, त्यामुळे ती टाळताही येत नाही.

तर या मुलीने एक जाड वही केली आहे. पानाचे तीन रकाने. पहिल्यात तेलुगू शब्द तेलुगू लिपीत, दुसऱ्यात तोच उच्चार देवनागरीत, तिसऱ्यात अर्थ. विज्ञानाच्या पुस्तकातला 'किरणजन्य संयोगक्रिय' हा शब्द पाहून आठवीतला मुलगा घाबरला होता. तिने तो देवनागरीत लिहून दिला आणि विचारलं, किरण म्हणजे काय? जन्य म्हणजे? त्याला दोन्ही आलं. आपण मराठीत ज्याला प्रकाशसंश्लेषण म्हणतो तेच ते. मुलगा म्हणाला, "हे तर सोपं आहे की." याउलट वहीच्या शेवटच्या पानांवर तिने फसवणारे शब्द गोळा केलेत. तेलुगूत 'अवसरम्' म्हणजे गरज, 'अनुमानम्' म्हणजे शंका आणि 'उपन्यासम्' म्हणजे व्याख्यान. अनुमान हा शब्द ओळखीचा वाटून तिने स्वतः नववीत एक अख्खं उत्तर चुकीचं लिहिलं होतं. तिच्या वर्गशिक्षकांना ती चूक कळणं शक्य नव्हतं, कारण त्यांना मराठी येत नव्हतं. हा दोष त्यांचाही नाही. पण ते उत्तर का चुकलं, हे तिच्याशिवाय कोणाला समजावून सांगता येणार होतं?

गोंड मुलींच्या बाबतीत तिची अडचण होते, तिला गोंडी जेमतेम येते. तिथे त्यातली मोठी, इंटरला असलेली मुलगी पुढे होते. ती ऐकून घेते आणि धाकटीला गोंडीत सांगते. मी पाहिलं त्या दिवशी गणितातली टक्केवारी चालू होती, आणि ती मोठी मुलगी कापसाच्या भावावरून टक्केवारी शिकवत होती. व्यापाऱ्याने ओल धरून किती कापले ते काढ, असं गणित होतं. धाकटीने ते तोंडी सोडवलं, घरी रोज तेच बोलणं चालू असणार.

दुपारी मी वह्या-दप्तरांचा विषय काढला. ती अवघडली. पाहुणीला नाही कसं म्हणायचं? मग म्हणाली, "वह्या मिळतात ताई. पुस्तकंही शाळेत फुकट असतात. मराठी गोष्टीची पुस्तकं आणा, माझी आई पण वाचेल." आणि थोडं थांबून, "पण तुमच्यातलं कोणी फोनवर भेटेल का? जूनमध्ये?" जूनच का, ते तिने नंतर सांगितलं. तिकडे मी पुढे येते, कारण मध्ये आम्ही मारलवाईला गेलो.

मारलवाईला जायचं सुचवलं मामांनी. "तुम्ही पोरं शिकवण्याच्या गोष्टी करता ना, मग ते गाव बघा." सकाळी मामांच्या पुतण्याच्या गाडीतून निघालो. हायवेला लागून गुडीहतनूरपर्यंत वर जायचं, तिथून उजवीकडे इंद्रवेल्लीचा रस्ता. इंद्रवेल्लीत 20 एप्रिल 1981 च्या पोलीस गोळीबारात मारल्या गेलेल्या गोंडांचा स्तंभ आहे. जवळच केसलापूर, जिथे मेसराम कुळाची नागोबाची जत्रा भरते. पुढे उटनूर, मग जैनूर आणि तिथून आत मारलवाई. दिवाळीच्या आधीचे दिवस असल्याने काही गावांत दंडारीची तयारी चालू होती. मोरपिसांचे मोठे टोप घालून नाचणारे गुसाडी तुम्ही टीव्हीवर पाहिले असतील, ते याच भागातले.

मारलवाई लहान गाव आहे. पाहायला म्हणाल तर शेजारीशेजारी दोन समाध्या आहेत, एका ऑस्ट्रियन माणसाची आणि त्याच्या इंग्रज पत्नीची. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा व्हिएन्नाचा मानववंशशास्त्रज्ञ. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो भारतात होता. ऑस्ट्रिया जर्मनीने गिळलेला, म्हणून इंग्रजांच्या लेखी तो शत्रूचा नागरिक. पण तुरुंगाऐवजी त्याला निजामाच्या हद्दीत राहू दिलं. त्याने आणि बेट्टी एलिझाबेथने ती वर्षं आदिवासींमध्ये काढली आणि गोंडांचा अभ्यास करताना ती दोघं मारलवाईत राहिली. 1940 मध्ये जोडेघाटला कुमराम भीम मारला गेला होता. जमिनी आणि जंगल यावरून एवढा उठाव का झाला, हे निजाम सरकारलाही जाणून घ्यायचं होतं.

हायमेनडॉर्फच्या लक्षात आलेलं एक कारण साधं होतं. जमिनीचे कागद गोंडांना वाचता येत नव्हते. पटवारी जे सांगेल ते खरं. शाळा काढायच्या तर शिकवणार कोण? बाहेरचा मास्तर जंगलातल्या खेड्यात टिकत नव्हता आणि त्याला गोंडी येत नव्हती. म्हणून 1943 साली मारलवाईत एक शिक्षक-प्रशिक्षण केंद्र सुरू झालं आणि त्यात घेतले ते थोडंफार मराठी लिहिता-वाचता येणारे मोजके गोंड तरुण. शिकलेले असे ते नव्हतेच, अर्धवट साक्षर म्हणता येतील. त्यांना थोडं पुढे शिकवलं, मग गावोगाव धाडलं. मुलांपेक्षा ते फार पुढे नव्हते, पण मुलांची भाषा त्यांची होती आणि शिवारही.

आपल्याला अभिमान वाटावा, किंवा निदान कुतूहल वाटावं, अशी यातली बाब म्हणजे लिपी. या शाळांसाठी गोंडी वाचनाची पुस्तकं तयार झाली ती देवनागरीत. कारण उघड होतं. त्या पहिल्या तरुणांना जी अक्षरं येत होती ती मराठीची. गोंडांचे परधान, जे त्यांच्या कुळकथा गोंडीत गातात, ते इकडे घरी मराठी बोलतात. म्हणजे मराठी ही इथे बाहेरून आलेली सरकारी भाषा नव्हती, शेजारच्या घरातली होती. सेतुमाधवराव पगडी आपल्याला शिवकाळाचे इतिहासकार म्हणून माहीत आहेत. ते हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत असताना आदिलाबादच्या आदिवासींसाठीच्या कामावर होते. ते गोंडी शिकले, गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणं त्यांनी लिहिली. घरात पगडींची पुस्तकं असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

1956 नंतर शाळांचं माध्यम तेलुगू झालं आणि देवनागरीतली गोंडी पुस्तकं मागे पडली. पण जे तरुण वाचायला शिकले ते शिकलेलेच राहिले. त्यांच्यातून शिक्षक झाले, गावकामगार झाले, आणि आपला कागद आपण वाचणारी माणसं तयार झाली. माध्यम बदललं तेव्हा पुस्तकं रद्द करता आली, ही माणसं कशी रद्द करणार? आता तर गुंजाळा गावात सापडलेल्या जुन्या हस्तलिखितांमुळे गोंडीची स्वतःची लिपीही पुढे आली आहे. 2018 मध्ये ती 'गुंजाळा गोंडी' या नावाने युनिकोडमध्ये घेतली गेली, म्हणजे आता ती फोनवरही लिहिता येऊ शकते.

बेट्टी 1987 च्या जानेवारीत हैदराबादेत वारल्या आणि त्यांना मारलवाईत आणून पुरलं. हायमेनडॉर्फ 1995 मध्ये लंडनला वारले, त्यांचे अवशेषही पुढे इथेच आणले. समाधीजवळ एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मामांच्या पुतण्याने त्यांना गोंडीत रामराम घातला आणि आम्ही कोण ते सांगितलं. ते माझ्याशी मराठीत बोलले, स्वच्छ, जरा जुन्या वळणाच्या मराठीत. मी विचारलं, कुठे शिकलात? ते म्हणाले, "शिकलो कुठं बाई, आमच्या थोरल्यानं शिकवलं."

परतीच्या वाटेवर मला यवतमाळची 'एकलव्य' संस्था आठवत होती. आदिलाबादच्या उत्तरेला पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हाच लागतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातल्या राजू केंद्रे या तरुणाने 2017 मध्ये ती सुरू केली. घरात पहिल्यांदाच कॉलेजपर्यंत पोहोचणाऱ्या मुलांना देशातल्या चांगल्या विद्यापीठांपर्यंत नेणं हे तिचं काम. पद्धत पाहिली तर ओळखीची वाटते. जो नुकताच प्रवेश परीक्षा देऊन, फॉर्म भरून, मुलाखत देऊन आत गेला, तो मागच्याला हात देतो. प्राध्यापकाला जे सांगावंसं वाटत नाही, कारण ते त्याला फार क्षुल्लक वाटतं, तेच या मुलाला सांगता येतं. इंग्रजी न येणाऱ्यांनी मुलाखतीत काय करायचं, मेसचे पैसे कधी भरायचे, जातप्रमाणपत्र किती आधी काढून ठेवायचं. केंद्रे स्वतः पुढे 2021 मध्ये शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआस या संस्थेत शिकायला गेले. हायमेनडॉर्फही त्याच सोआसमध्ये प्राध्यापक होते. योगायोगच, पण मला तो आवडला.

आपण सगळ्यांनी कॉलेजात एनएसएस केलेली असते. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 मध्ये, ती योजना सुरू झाली. सात दिवसांचं शिबिर, एक गाव, श्रमदान आणि संध्याकाळी पथनाट्य. मीही भिंती रंगवल्या आहेत आणि मजा आली होती. त्या गावातल्या माझ्या वयाच्या एकाही मुलीचं नाव मात्र मला आज सांगता येणार नाही, आणि तिलाही माझं. सात दिवसांत दुसरं काय होणार?

आता जूनचं. तेलंगणात इंटर झाल्यावर डिग्रीचा प्रवेश ऑनलाइन होतो. त्या व्यवस्थेचं नावच 'दोस्त'. कॉलेजांची पसंती क्रमाने भरायची, त्याला सगळे 'वेब ऑप्शन' म्हणतात. बोथच्या मुलाने हैदराबाद किंवा निर्मलचं कॉलेज कधी पाहिलेलं नसतं. ते कुठल्या भागात आहे, जवळ होस्टेल आहे का, मुलींनी राहावं असं आहे का, तो कोर्स पुढे कशाला उपयोगी, यातलं काही त्याला माहीत नसतं. इंटरनेट सेंटरवाला जे भरून देतो ते भरलं जातं. मामांची मुलगी म्हणाली, "पसंती आमची, पण क्रम त्याचा." तिच्या वर्गातल्या एका मुलीला हवं होतं बीएस्सी, मिळालं दुसरंच आणि तेही लांब. घरच्यांनी पाठवलं नाही. पुढच्या माघात तिचं लग्न झालं. हे सांगताना तिचा आवाज अजिबात चढला नाही.

आमच्या युवा शाखेत बावीस-तेवीस वर्षांची मुलं-मुली आहेत ज्यांनी हाच 'दोस्त' तीन-चार वर्षांपूर्वी स्वतः भरला आहे. कोठीत शिकलेल्या आहेत, सिकंदराबादला राहिलेल्या आहेत, कुठल्या होस्टेलचं जेवण कसं हे तोंडपाठ असलेल्या आहेत. त्यांच्याकडे जे आहे ते बोथला हवं आहे, आणि त्याला गाडीभाडं लागत नाही. परत आल्यावर मी हे बैठकीत मांडलं तेव्हा वाद झालाच. वह्यांचं काय करायचं? देणगीदारांना काय दाखवायचं? फोनवर बोलल्याचा फोटो कसा काढणार? एक काका तर म्हणाले, "अगं, पण अंकात छापायला काहीतरी पाहिजे ना." शेवटी मराठी गोष्टीच्या पुस्तकांची दोन खोकी पाठवली, मामींच्या नावाने. वह्या इथल्याच एका वस्तीत दिल्या. आणि नऊ जणांनी आपले नंबर दिले, कोण कुठल्या कॉलेजची, कुठल्या कोर्सची माहिती देऊ शकेल ते प्रत्येकापुढे लिहून. अट एकच ठेवली. मुलगा ज्या भाषेत विचारेल त्या भाषेत सांगायचं, मराठी, तेलुगू, हिंदी. गोंडीसाठी आमच्याकडे कोणी नव्हतं, तर ती इंटरची मुलगी म्हणाली, मला सांगा, मी पुढे सांगते.

फोन जूनपर्यंत थांबले नाहीत. मे महिन्यातच एका रात्री साडेदहाला पहिला आला. लंबाडा मुलाचा, तेलुगूत. त्याला कॉलेजचं काही विचारायचं नव्हतं. हैदराबादला जुबिली बसस्टेशनवर उतरायचं की एमजीबीएसला, एवढंच हवं होतं. त्याचं उत्तर देता देता आमच्यातल्या मुलाने त्याच्याकडून काढून घेतलं, की तो एकटाच येणार आहे आणि कॉलेज बघायला येणार आहे, फॉर्म भरायच्या आधी. मग त्याला घ्यायला स्टँडवर कोण जाणार, यावर आमच्या ग्रुपवर रात्री बारापर्यंत चर्चा चालली.